घर हाय, होडी नाय

माशाचे नुसते मुंडके समोर ठेवले, तरी उरलेला मासा कोणी खाल्ला हे तांडेल सांगू शकत. ही अतिशयोक्ती नाही; मी ते तपासले आहे. सौदी अरेबियातल्या कतीफच्या बंदरावर लाँच लागली की जाळ्यात अडकून राहिलेली सुरमईची तुटकी मुंडकी ते एका उलट्या क्रेटवर ओळीने मांडत, प्रत्येक मुंडके डाव्या हाताने एकदा फिरवून पाहत आणि न अडखळता निकाल देत. "हा गादा. ही मुशी, बघ, कातरीनं कापल्यासारखं. हा पण गादा, पण लहान. आयशीनं नुकताच शिकवलाय. आनी हा खेकडा. भिकारी साला, जाग्यावर बसून खातो." गादा म्हणजे डॉल्फिन, मुशी म्हणजे शार्क. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची ही नावे त्यांनी आखाती समुद्रातही बदलली नव्हती.

मी त्यांच्यावर प्रथम विश्वास ठेवला नाही. माझ्या शिक्षणाने मला दिलेली ही पहिली सवय. महिनाभर मी त्यांच्या जाळ्यावर पाण्याखालचे कॅमेरे लावले, त्यांचे निकाल एका तक्त्यात आणि कॅमेऱ्याचे दुसऱ्या तक्त्यात लिहिले, आणि मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. फरक इतका थोडा होता की चूक तांडेलांची की कॅमेऱ्याच्या काचेवर बसलेल्या शेवाळाची, हे ठरवता आले नाही. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मशीन चांगलं हाय तुझं. शिकेल हळूहळू."

त्यांना नाव होते, पण बंदरावर ते कोणी वापरत नसे. लाँच चालवणारा तो तांडेल, आणि त्या धक्क्यावर कोकणातले तांडेल एवढे एकच उरले होते. बाकीचे खलाशी तामिळनाडूचे आणि बांगलादेशाचे. मीही त्यांना तांडेलच म्हणत असे. फार तर 'तांडेलचाचा'.

माझे विद्यापीठ देशाच्या दुसऱ्या टोकाला, तांबड्या समुद्राकाठी आहे. पीएच.डी.च्या क्षेत्रकामासाठी मी कतीफला एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. बंदरावरच्या लोकांची तक्रार एकच होती: डॉल्फिन फार झाले, जाळ्यात लागलेला मासा आमच्या आधी तेच खातात. माझे प्रश्न तीन होते. डॉल्फिन खरोखर वाढले, की फक्त जाळ्यांच्या मागे यायला शिकले? ते नेमका किती मासा नेतात? आणि त्या बदल्यात जाळ्यात अडकून त्यांच्यातले किती मरतात? पहिल्या दोन प्रश्नांवर सगळे भरभरून बोलत. तिसऱ्यावर सगळा धक्का एकदम कामाला लागे.

आमची पहिली भेट फार सुखाची नव्हती.

"कुठली गो तू?" त्यांनी विचारले.

"नाशिकची."

"नाशकात दर्या कदी आला?"

"आला नाही, म्हणून मी आले."

त्यांच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. "मासे खातेस?"

"नाही."

यावर मात्र त्यांनी मागे वळून आपल्या खलाशांना हाक दिली, "सुनो रे! मच्छी की डाक्टर आयी है, और मच्छी नहीं खाती!" सगळी लाँच हसली. त्या दिवसापासून मी 'डाक्टरीण बाय' झाले. डॉक्टर अजून झालेले नाही, ही दुरुस्ती मी पुष्कळदा केली. ते म्हणत, "होशील गो. इतकी मुंडकी मोजून नाय झालीस तर मुंडक्यांचा अपमान."

मराठी बोलताना ते लवकर दमत. खोलीत सहाजण, भाषा हिंदी, मालकाशी अरबी, मुलाचा फोन आठवड्याला एकदा आणि तोही दोन मिनिटांचा. बायको वारल्याला बरीच वर्षे झाली होती. "माझी मराठी पेटीत घडी घालून ठेवलीय," ते एकदा म्हणाले, "काढली की वास येतो." माझ्याशी दहा-पंधरा मिनिटे वाऱ्याबद्दल, भरती-ओहोटीबद्दल, गावच्या खाडीच्या मुखाशी साचलेल्या वाळूबद्दल बोलून झाले की ते जबडा चोळत आणि म्हणत, "बस. तोंड दुखलं." मग आम्ही दोघे धक्क्याच्या कडेला गप्प बसत असू. माझीही स्थिती फार वेगळी नव्हती. त्या सबंध बंदरावर मी एकटी बाई होते. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मला तोंड उघडण्याचे काही कारण पडत नसे. त्यांच्या त्या गप्प बसण्याची मला सवय झाली, आणि शुक्रवारी बंदर बंद असले की ती जागा रिकामी असल्याचे दिवसभर जाणवू लागले.

डॉल्फिनची हजेरी घेतल्याशिवाय ते जाळे टाकत नसत. शास्त्रात आम्ही डॉल्फिनला पाठीवरच्या पंखाच्या खाचांवरून ओळखतो. फोटो काढतो, क्रमांक देतो, यादी करतो. माझ्या यादीतले क्रमांक त्यांच्याकडे केव्हाच नावे होऊन बसले होते. एकाच्या पंखाचे टोक तुटलेले. तो हेडमास्तर, कारण तो इतरांपासून लांब राहून सगळ्यांवर लक्ष ठेवी. एक सावकाश, भारदस्त येणारा, तो काझी. आणि एक जुनी मादी, पंखावर तीन खाचा, सर्वांच्या आधी जाळ्यापाशी हजर आणि कधी समाधान न झालेली, ती सासू. सासूबरोबर त्या वर्षी पिल्लू होते. मला तीन दिवसांच्या फेऱ्यांची परवानगी मिळाली होती, आणि पहिल्याच फेरीत त्यांनी पाण्याकडे बोट करून म्हटले, "आली बघ. कवा पन यायची तर रिकाम्या हातानं." मी माझ्या यादीशी ताडून पाहिले. आमच्यात एकाही बाबतीत तफावत नव्हती. फक्त माझी यादी दीड वर्षाची होती आणि त्यांची कितीतरी जुनी. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा पुरावा त्या किनाऱ्यावर जर कुठे होता, तर तो या एका माणसाच्या डोक्यात होता.

मी त्यांना एकदा फोनवर सीलची चित्रफीत दाखवली. थंड समुद्रांत माणसाने शिकार करून सील जवळजवळ संपवले होते. मग बंदी आली, सील पुन्हा वाढले, आणि आता तिथले मच्छीमार म्हणतात की हे प्राणी आमच्या जाळ्यांतला मासा पळवतात. तांडेलांनी चित्रफीत दोनदा पाहिली. एक सील बोटीच्या कठड्यापर्यंत चढू पाहत होता.

"तोंड कुत्र्याचं, शेपूट माशाची," ते म्हणाले. "हा गाद्यापेक्षा वाईट. गादा निदान बोटीत चढत नाय. आनी तिकडचे तांडेल काय बोलतात?"

"म्हणतात, पूर्वी इतके नव्हते. आता फार झाले. सरकारला त्यांची दया, आमची नाही."

"असंच बोलतात?"

"अगदी असंच."

"मग ते आमच्या गावचेच," ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

जमिनीवर तांडेल कोणीच नव्हते. त्यांच्या चालण्यातसुद्धा धक्क्यावर एक अवघडलेपण असे, जणू पायाखालची गोष्ट हलत नाही याची खात्री पटत नव्हती. शुक्रवारीही ते लाँचवर जाऊन दोर पुन्हा गुंडाळत, आदल्या दिवशी धुतलेल्या लाँचच्या फळ्या पुन्हा धूत. बंदरावरच्या इतर लाँचवाल्यांची फाटकी जाळी मागून आणत आणि मांडीवर घेऊन शिवत बसत. साठी उलटली होती. गावी का जात नाही, असे मी एकदा विचारले. प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता.

"जाऊन काय करू? मुलानं होडी इकली, मोबाइलचं दुकान टाकलं. चांगलं चाललंय, मी नाय बोलत नाय. घर हाय. होडी नाय." मग ते म्हणाले, "इथं होडी हाय, घर नाय. दोनातलं एक निवडायचं तर मी हे निवडलं. कफील ठेवील तवर."

कफील म्हणजे लाँचचा मालक आणि परवान्यापुरता त्यांचा जामीनदार, कतीफचाच एक वयस्क, मितभाषी गृहस्थ. त्याचे वडील त्याच पाण्यात मासे धरत. तो तांडेलांच्या शब्दावर लाँच समुद्रात सोडी आणि वाऱ्याचा अंदाजही त्यांनाच विचारी. मात्र त्याचा एक नियम होता. जाळे कापणारा त्याच्या लाँचवर राहत नसे. आधीच्या एका तांडेलाने गुंतलेले जाळे सोडवण्याचा कंटाळा करून ते वारंवार कापले होते आणि दर वेळी दोष डॉल्फिनवर ढकलला होता. तेव्हापासून कफीलला डॉल्फिनची कोणतीही गोष्ट ऐकायची नव्हती.

त्या वर्षी थंडी सरता सरता तांडेलांनी नवे जाळे कापले. मी त्या फेरीवर नव्हते. दुसऱ्या दिवशी ते धक्क्यावर एका मोठ्या भगदाडाला ठिगळ लावत बसले होते. डाव्या हातातली लाकडी सुई पुढे-मागे चालली होती. जेवायला उजवा हात, बाकी सगळे डाव्याने. मी नेहमीप्रमाणे विचारले, जाळे कशाने फाटले?

"खडकाला लागलं."

मी ते लिहिले. मग कापाची कड पाहिली. खडकाने फाटलेले जाळे पिंजते. हे सुरीने सरळ कापलेले होते. आता मी बघायला शिकले होते, आणि ते त्यांनीच शिकवले होते. मी त्या कडेवरून बोट फिरवले. त्यांनीच सुई थांबवली.

"सासूचं पोर गुतलं व्हतं," ते म्हणाले. "नाक पान्याखाली. ती बाजूला नुसती फिरत व्हती, वरडत व्हती. सोडवायला बसलो असतो तर गेलं असतं. कापलं." मग माझ्या वहीकडे पाहून त्यांनी विचारले, "लिवणार?"

"लिहायला हवे. तुमचे नाव नाही लिहिणार. लाँचचा नंबरही नाही."

"कफीलला मी खडक सांगितलाय."

"कळणार नाही, तांडेलचाचा. नाव न लिहिण्याची आमची पद्धत असते. तिचे नियम आहेत."

"नियम हायत तर ठीक," असे म्हणून त्यांनी पुन्हा सुई उचलली. मी त्यांच्या परवानगीने त्या ठिगळाचा फोटो काढला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारी ती माझी पहिली नोंद होती. आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

हंगामाच्या शेवटी बंदरावरच्या सभागृहात मी माझे निष्कर्ष मांडले. लाँचमालक, खलाशी, मत्स्यखात्याचे दोन अधिकारी. मी इंग्रजीत बोलत होते, माझी एक सौदी सहकारी अरबीत सांगत होती. माझी मागणी साधी होती: अडकलेला डॉल्फिन सोडवण्यासाठी कोणी जाळे कापले तर मालकांनी त्याला शिक्षा करू नये, म्हणजे खलाशी खरे सांगतील आणि आपल्याला खरा आकडा कळेल. म्हणजे मी तांडेलांसारख्या माणसांचीच बाजू मांडत होते. त्यासाठी मला अशा कापलेल्या जाळ्याचे एक चित्र हवे होते. नाव काढले होते, तारीख काढली होती, लाँचचा रंग दिसू नये म्हणून फोटोची कड कापली होती. पडद्यावर फक्त निळे जाळे आणि त्यावरचे ठिगळ.

मागच्या रांगेत सेल्वम बसला होता. तांडेलांच्याच लाँचवरचा खलाशी, मनाने स्वच्छ, आवाजाने मोठा. ठिगळ पडद्यावर आले आणि तो अभिमानाने म्हणाला, "अरे, ये तो अपने तांडेल का हाथ है!"

बाजूचे तिघे-चौघे हसले, माना हलल्या. "उल्टा गाँठ, और कौन मारेगा!" कोणीतरी जोड दिली. अरबीत पुढच्या रांगांपर्यंत ते पोहोचायला काही सेकंद लागले. डावखुऱ्या माणसाच्या गाठीचा पीळ उलटा बसतो. सरळ विणलेल्या जाळ्यात ते ठिगळ एखाद्या सहीसारखे दिसत होते. त्या सभागृहातल्या प्रत्येक माणसाला ते वाचता येत होते, कारण त्यांतल्या निम्म्यांची जाळी तांडेलांनी शिवली होती. मी इतके महिने त्यांच्या हाताकडे पाहत होते. डावा, एवढे मी लिहून ठेवले होते. गाठीवर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न मला सुचलाच नाही.

मी तांडेलांकडे पाहिले. ते पडद्याकडे पाहत होते. कफील त्यांच्याकडे पाहत होता.

बाहेर आल्यावर मी कफीलला गाठले. माझी सहकारी मध्ये उभी राहिली. मी सगळे मुद्दे क्रमाने मांडले: कापणे आवश्यक होते, नुकसान मर्यादित होते, हेतू चांगला होता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"पोरी, जाळ्याचं मला काही नाही," तो म्हणाला. "तू म्हणतेस तो नियम मी उद्यापासून करतो. बाकीच्यांनाही सांगतो. पण त्यानं मला खडक सांगितला. मी त्या खडकाची जागा विचारली, ती पण त्यानं सांगितली. दोन महिने माझी लाँच तिथून वळसा घालून जातेय."

तांडेल चार पावलांवर उभे होते. त्यांनी मान खाली घातली नाही, खुलासाही केला नाही. फक्त अरबीत एवढेच म्हणाले, "खरंय."

"खलास," कफील म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर तो उतरण्याची वाट पाहता आली असती.

त्यांच्या इकाम्याची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची, मुदत संपत आली होती. कफीलने ती वाढवली नाही. मी तीन मालकांकडे गेले. तिघांनीही तांडेलांच्या हाताची तारीफ केली. त्या वयाच्या माणसाचा इकामा आपल्या नावावर घ्यायला मात्र कोणी तयार झाले नाही. नवा नियम बंदरावर लागू झाला. पुढच्या हंगामात जाळी कापल्याच्या नोंदी येऊ लागल्या, खऱ्या, कारणांसकट. माझ्या मार्गदर्शकांनी याला क्षेत्रकामाचे मोठे यश म्हटले.

तांडेल निघाले त्या दिवशी मी त्यांना खोलीवर भेटायला गेले. एक पेटी, एक गुंडाळलेली चटई. मी माफी मागितली. तीही, आता आठवते, मुद्देसूद. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "तू नाव झाकलंस गो. हात उघडा ठेवलास." त्यांनी तो विषय तिथेच सोडला. माफ केले असे ते म्हणाले नाहीत, आणि केले नाही असेही नाही. सेल्वम पेटी उचलून गाडीकडे गेला. रडून त्याचे डोळे लाल झाले होते. त्याच्या पाठीवर थोपटत तांडेल म्हणाले, "चल यल्ला, फ्लाइट कफील की नहीं है, रुकेगी नहीं।" दम्मामच्या विमानतळाच्या रस्त्याला गाडी वळेपर्यंत मी उभी होते. त्यानंतर मी धक्क्यावर गेले आणि बसले, आणि पंधरा मिनिटे होऊन गेली तरी तोंड दुखायचे काही कारण घडले नाही.

आता मी माझ्या विद्यापीठात प्रबंध लिहिते आहे. ते चित्र प्रबंधात नाही. आता ते काढून टाकल्याने कोणाचे काही वाचत नाही, हे मला माहीत आहे. पण दुसऱ्या कोणाही माणसाच्या कामाचा फोटो मी आता त्याच्याच धंद्यातल्या दुसऱ्या कोणाला दाखवल्याशिवाय वापरत नाही. 'यात तुला कोणी ओळखू येतो का?' असे विचारते. बहुतेक वेळा येतो.

मी त्यांना अधूनमधून फोन करते. मागच्या वेळी विचारले, दिवस कसा जातो?

"बसतो."

"धक्क्यावर?"

"घरात. पडवीत खुर्ची हाय."

"पडवीतून समुद्र दिसत असेल."

"दिसत व्हता. खुर्ची फिरवून ठेवली. आता भिंत दिसते."

मी का म्हणून विचारले.

"दिसला की कळतं गो, बाय," ते म्हणाले. "वारा कुठला, पानी किती, मासा कुठं असंल. बसल्या जागी समदं कळतं. कळून करायचं काय?"

फोन बराच वेळ आमच्यापैकी कोणीच ठेवला नाही.